उपाशी स्लाइम मोल्ड आणि त्याच्या एन्झाइमची जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ इथली बीएस्सी-एमएस्सीची मुलं मला वर्षभर प्रश्न पाठवत असतात. परीक्षा जवळ आली की तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अवघड होत जातात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पाठ्यपुस्तकात 'विकर' असतं, पण लॅबमध्ये सगळे 'एन्झाइम'च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द.

१. पावसाळ्यात कुंडीतल्या मातीवर पिवळा फेस येतो. तुमचा स्लाइम मोल्ड तोच का?

नाही. तो पिवळा फेस बहुधा फुलिगो असतो. तो फायसारमच्या गोतातला: एकच अवाढव्य पेशी, तिच्यात असंख्य केंद्रकं. या पानावर आपण बोलतोय ते डिक्टिओस्टेलियम डिस्कॉयडियमबद्दल. याच्या पेशी सुट्या अमीबा असतात, मातीतले जीवाणू खातात आणि दोनात विभागत राहतात. खायला संपलं की हजारो, कधी लाखभर अमीबा एकत्र येऊन एक शरीर बनवतात. केनेथ रेपर यांना ही जात १९३३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलातल्या पालापाचोळ्यात मिळाली आणि १९३५ मध्ये त्यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. नावात 'मोल्ड' असलं तरी दोघांपैकी कोणीही बुरशी नाही. पुढची उत्तरं फायसारमला लावू नका, दरवर्षी कोणीतरी उत्तरपत्रिकेत ती गल्लत करतंच.

२. चोवीस तासांत नेमकं काय घडतं? तासांसकट सांगा.

पेशी धुऊन, जीवाणू काढून टाकून, बफरने (क्षारांच्या द्रावणाने) ओलावलेल्या फिल्टरवर पसरल्या की तो शून्य तास. पहिले चार-पाच तास डोळ्याला काहीच दिसत नाही, पण आत सगळी उलथापालथ सुरू असते. मग पेशी ओळी करून केंद्राकडे सरकू लागतात. आठ-दहा तासांनी ढिगारे तयार होतात. ढिगाऱ्याला टोक फुटतं, ते उंच होतं, आडवं पडतं, आणि सोळाव्या तासाच्या सुमाराला उजेडाच्या दिशेने सरपटणारा स्लग (पेशींचा लांबट गठ्ठा) दिसतो. चोविसाव्या तासाला एक-दोन मिलिमीटर उंचीचा देठ आणि त्यावर बीजाणूंचा थेंब. साधारण वीस टक्के पेशी देठात मरतात, उरलेल्या ऐंशी टक्के बीजाणू होतात.

शक्य असेल तर एकदा काळा फिल्टर वापरा आणि तिरका उजेड टाकून भिंगातून पाहा. पांढरा देठ, त्याच्या टोकाला दंवासारखा थेंब. मी ते प्रथम पाहिलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि घरी फोन करायचा राहून गेला होता.

३. एवढं सगळं घडत असताना एन्झाइमच का मोजायची?

कारण १९६०च्या दशकात जनुक चालू झालं की नाही हे थेट पाहायची सोय नव्हती. एन्झाइमची अ‍ॅक्टिव्हिटी मात्र परीक्षानळीत मोजता यायची. पॅरा-नायट्रोफिनॉल जोडलेला सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याला तोडतं तो पदार्थ) घ्यायचा, पेशींचा अर्क घालायचा, ठरलेल्या वेळाने अल्कली टाकायची आणि पिवळा रंग किती आला ते मोजायचं. मॉरिस सस्मन, विल्यम लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे डझनभर एन्झाइम तासागणिक मोजले. त्यातून दिसलं की प्रत्येकाची स्वतःची वेळ आहे. एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसॅमिनिडेज आणि अल्फा-मॅनोसिडेज लवकर वाढतात, यूडीपीजी पायरोफॉस्फोरिलेज मधल्या टप्प्यात, अल्कलाइन फॉस्फटेज उशिरा. म्हणजे हे एन्झाइम घड्याळाचे काटे झाले. एखादा म्युटंट (जनुक बिघडलेला प्रकार) कुठे अडकला हे त्यावरून सांगता येऊ लागलं. आजही ही चाचणी साध्या कलरीमीटरवर होते, म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी तीच सुचवते.

४. उपासमार सुरू झाल्याचं पेशीला कळतं कसं?

ती पूर्ण उपाशी पडायच्या आधीच कळतं. वाढणाऱ्या पेशी एक प्रथिन बाहेर सोडत असतात, त्याला पीएसएफ म्हणतात. जीवाणू भरपूर असले की त्याचा परिणाम दबतो. जीवाणू कमी आणि शेजारी जास्त झाले की परिणाम जाणवू लागतो. थोडक्यात, खाणारी तोंडं किती आणि ताटात किती, याचं गुणोत्तर पेशी मोजत राहते.

अन्न खरंच संपलं की यॅकए नावाचा कायनेज (प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) वर येतो. इथे एक बारकावा आहे. पीकेए या महत्त्वाच्या एन्झाइमचा एमआरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) पेशीत थोडाफार असतोच, पण पफए हे प्रथिन त्याच्या शेपटाकडच्या भागाला चिकटून त्यापासून प्रथिन बनू देत नाही. यॅकए पफएला खाली आणतो, मग पीकेए बनतं, आणि त्यामागोमाग सायक्लिक एएमपी (या पेशी एकमेकींना संदेश द्यायला वापरतात तो छोटा रेणू) बनवणारं, ओळखणारं आणि तोडणारं सामान तयार होऊ लागतं. म्हणजे या सगळ्या नाट्याची पहिली कळ ट्रान्सक्रिप्शनवर (जनुकावरून एमआरएनए बनणं) नाही, ट्रान्सलेशनवर (एमआरएनएपासून प्रथिन बनणं) आहे. परीक्षेत हे सहसा विचारत नाहीत, पण लक्षात ठेवा.

५. हे जीवाणूंमधल्या लॅक ओपेरॉनसारखंच आहे ना?

नाही. ओपेरॉनमध्ये एका प्रमोटरवरून (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरून) सलग अनेक जनुकांचा एकच एमआरएनए निघतो. डिक्टिओस्टेलियममध्ये केंद्रक आहे, सहा गुणसूत्रं आहेत, सुमारे १२,५०० जनुकं आहेत, आणि जनुकांना आपापले प्रमोटर आहेत. एकाच वेळी चालू होणारी जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असू शकतात. त्यांना एकत्र बांधतो तो समान संदेश आणि त्याला ओळखणारी समान प्रथिनं. २००५ मध्ये जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातलं ए आणि टी यांचं प्रमाण सुमारे ७८ टक्के निघालं. प्रमोटरच्या भागात तर सलग ए-टी-ए-टीचं रान असतं, त्यामुळे प्रायमर बनवताना मुलांचा जीव मेटाकुटीला येतो.

६. संदेश सायक्लिक एएमपीचाच, मग आधी एक जनुकं आणि नंतर दुसरीच कशी चालू होतात?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. शाळेची घंटा आठवा. एकेक टोल पडला की तास बदलतो. तीच घंटा सलग घणघणली की शाळा सुटते. घंटा तीच, पण वाजवण्याच्या रीतीतून अर्थ बदलतो.

सुरुवातीला पेशी सायक्लिक एएमपी ठोक्याठोक्याने सोडतात, साधारण दर सहा मिनिटांनी एक. प्रमाण अगदी कमी, नॅनोमोलरमध्ये. ही लाट पेशीच्या पृष्ठभागावरच्या कार-१ रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) लागते. या ठोक्यांनी एकत्र येण्यासाठी लागणारी जनुकं वाढतात: सायक्लिक एएमपी बनवणारं अ‍ॅडेनिलिल सायक्लेज, खुद्द रिसेप्टर, पेशींना एकमेकींना चिकटवणारं प्रथिन, आणि सायक्लिक एएमपी तोडणारं फॉस्फोडायएस्टरेज. ठोके जितके पडतात तितकं ठोके देण्या-घेण्याचं सामान वाढतं.

पेशी ठोके मोजतात तरी कशा? २०१४ मध्ये जीटीएसी या प्रथिनाचं काम समोर आलं. ते डीएनएला चिकटणारं, गाटा कुळातलं प्रथिन आहे. लाट आली की ते केंद्रकातून बाहेर जातं, लाट ओसरली की परत आत येतं. चमकणारं प्रथिन जोडून मायक्रोस्कोपखाली पाहिलं की केंद्रक उजळतं, मावळतं, पुन्हा उजळतं, आणि हे लाटेच्या तालावर चालतं.

ढिगारा घट्ट झाला की पेशींच्या फटींतलं सायक्लिक एएमपी वाढून मायक्रोमोलरच्या घरात जातं आणि सतत राहतं. ही सलग घंटा. आता आधीची जनुकं मंदावतात आणि जीबीएफ हे दुसरं प्रथिन काम करू लागतं. ते जी आणि टी भरपूर असलेल्या छोट्या तुकड्यांना, म्हणजे जी-बॉक्सना, चिकटतं. पुढच्या टप्प्यातल्या बऱ्याच जनुकांच्या प्रमोटरमध्ये हे जी-बॉक्स असतात. जीबीएफचं जनुक काढून टाकलं तर पेशी एकत्र येतात, सैल ढिगारा होतो, आणि गाडी तिथेच थांबते.

सुटे अमीबा बफरमध्ये हलवत ठेवून, नळीने दर सहा मिनिटांनी थेंब टाकूनही पहिला टप्पा घडवता येतो. एकदम मोठा डोस देऊन ठेवला तर पहिल्या टप्प्यातली जनुकं दबतात. संदेशाचा ताल किती महत्त्वाचा आहे हे दाखवणारा इतका साधा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

७. पेशीबाहेर काम करणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेजचं जनुक एकच आहे, मग ते तीन वेगवेगळ्या वेळी कसं चालतं?

घर एक, दारं तीन. पीडीएसए या जनुकाला तीन प्रमोटर आहेत. एक वाढीच्या काळात मंदपणे चालू असतो. दुसरा पेशी एकत्र येताना सायक्लिक एएमपीच्या ठोक्यांनी जोरात चालतो. तिसरा उशिरा, देठाकडे जाणाऱ्या पेशींमध्ये चालतो. तिन्हींचे एमआरएनए लांबीला वेगळे, पण फरक फक्त सुरुवातीच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात. बनणारं एन्झाइम तेच.

इतकी उठाठेव कशासाठी? सायक्लिक एएमपी तुटलं नाही तर लाट ओसरणारच नाही, आणि लाट ओसरली नाही तर पुढचा ठोका ऐकू येणार नाही. पीडीएसए नसलेल्या पेशी एकत्र येऊच शकत नाहीत.

त्यावर आणखी एक थर आहे. पेशी पीडीआय नावाचं एक ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेलं प्रथिन) बाहेर सोडतात. ते बाहेर सुटलेल्या फॉस्फोडायएस्टरेजला चिकटून त्याची सायक्लिक एएमपीबद्दलची ओढ प्रचंड कमी करतं. पेशीच्या पडद्याला लागून असलेल्या एन्झाइमवर त्याचा परिणाम होत नाही. बाहेर सायक्लिक एएमपी वाढलं की फॉस्फोडायएस्टरेजचं जनुक वर आणि पीडीआयचं खाली, कमी झालं की उलट. एकाच संदेशाने दोन जनुकं विरुद्ध दिशांना हलतात, आणि पेशींभोवतीच्या पाण्यातल्या संदेशाची पातळी सांभाळली जाते. म्हणून फक्त पीडीएसएचा एमआरएनए मोजून 'एन्झाइम इतकं काम करतंय' असं लिहू नका. नमुन्यात पीडीआय किती आहे हेही बघावं लागतं.

८. ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजच्या बाबतीत दोन एन्झाइम का?

इथे उलटा प्रकार आहे: काम एक (ग्लायकोजेन, म्हणजे पेशीतला ग्लुकोजचा साठा, मोडणं), जनुकं दोन. चार्ल्स रदरफोर्ड यांच्या लॅबने हे बारकाईने उलगडलं.

वाढीच्या काळातलं एन्झाइम जीएलपीव्ही जनुकावरून बनतं आणि त्याला चालायला एएमपी लागतं (हे साधं एएमपी, संदेशाचं सायक्लिक एएमपी नव्हे). ऊर्जा कमी पडली, एएमपी वाढलं, की ते जागं होतं. खाऊन-पिऊन सुखी पेशीसाठी ही सोय उत्तम: साठ्याला गरजेपुरताच हात लागतो. पुढे जीएलपीडी जनुकावरून दुसरं एन्झाइम बनतं, त्याला एएमपीची गरज नसते. कारण आता प्रश्न गरजेचा राहिलेला नाही. ग्लायकोजेनचा साठा मोडून त्यातल्या ग्लुकोजपासून देठाचं सेल्युलोज, बीजाणूंच्या भिंती आणि बीजाणूंच्या आतलं ट्रेहॅलोज (एक साखर) बनवायचं आहे. घर बदलताना आपण कोठीतले डबे रिकामे करतो, तसा साठा पूर्ण काढायचा आहे. जीएलपीडी वर येण्यासाठी बाहेरचं सायक्लिक एएमपी लागतं. त्याचं कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

मुलं इथे हमखास एक चूक करतात. चाचणीत एएमपी घालून मोजलं तर दोन्ही एन्झाइमची बेरीज मिळते. न घालता मोजलं तर मुख्यतः दुसऱ्याचं काम दिसतं. दोन्ही नळ्या लावा आणि वजाबाकी करा. एकच नळी लावली तर एक मावळतंय आणि दुसरं उगवतंय हे दिसतच नाही, आलेख सपाट वाटतो.

९. अ‍ॅक्टिव्हिटी वाढली म्हणजे जनुक चालू झालं, असं लिहू का?

लिहू नका. अ‍ॅक्टिव्हिटी वाढायला चार-पाच कारणं असू शकतात: नवा एमआरएनए बनला, जुनाच वापरात आला (प्रश्न ४), एमआरएनए जास्त टिकला, एन्झाइम तुटायचं थांबलं, किंवा अडवणारं प्रथिन बाजूला झालं (प्रश्न ७).

सस्मन यांच्या काळात यावर दोन औषधं वापरत: ट्रान्सक्रिप्शन थांबवायला अ‍ॅक्टिनोमायसिन-डी, प्रथिन बनणं थांबवायला सायक्लोहेक्झिमाइड. वेगवेगळ्या तासांना औषध देऊन बघायचं की एन्झाइम पुढे वाढतं की नाही. त्यातून कळलं की अनेक एन्झाइमसाठी ट्रान्सक्रिप्शन लागतं आणि ते एन्झाइम दिसायच्या काही तास आधी होतं. निष्कर्ष मोलाचा होता, पण मर्यादा ध्यानात घ्या: औषध सगळ्याच जनुकांना थांबवतं. तुमचं एन्झाइम आलं नाही ते त्याचं स्वतःचं जनुक अडलं म्हणून, की त्याला चालू करणारं भलतंच प्रथिन बनलं नाही म्हणून, हे या प्रयोगातून सांगता येत नाही.

आणखी एक: यूडीपीजी पायरोफॉस्फोरिलेज वाढत्या पेशीतही असतं, नंतर त्याचं प्रमाण वाढतं. सगळंच 'बंद' आणि 'चालू' नसतं. जोनाथन चब आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जिवंत पेशीत डिस्कॉयडिन या प्रथिनाच्या जनुकाचं ट्रान्सक्रिप्शन पाहिलं, तेव्हा ते अनियमित झटक्यांनी होताना दिसलं. काही मिनिटं चालू, काही मिनिटं शांत. आपल्या आलेखातली गुळगुळीत रेषा ही लाखो पेशींच्या झटक्यांची सरासरी असते.

१०. ढिगारा मध्येच विस्कटला तर बनलेले एन्झाइम तसेच राहतात का?

तयार एन्झाइम लगेच नाहीसे होत नाहीत, पण एमआरएनएचं चित्र झपाट्याने बदलतं. ढिगाऱ्यात असताना तासन्‌तास टिकणारे उशिराचे एमआरएनए, पेशी सुट्या झाल्या की भराभर तुटू लागतात. बाहेरून सायक्लिक एएमपी दिलं तर बरेचसे वाचतात. म्हणजे शेजाऱ्यांची सोबत जनुक चालू करायला तर लागतेच, चालू राहायलाही लागते.

सुट्या केलेल्या पेशी पुन्हा बफरवर ठेवल्या, तर त्या आधीचा रस्ता पुष्कळ वेगाने पार करतात, जणू पाठ झालेली कविता. पण त्यांना अन्न दिलं तर तासा-दीड तासाने ही आठवण पुसली जाते आणि पुढच्या वेळी शून्यापासून सुरुवात होते. डेव्हिड सोल यांनी यावर पुष्कळ काम केलं, याला 'इरेझर' म्हणतात. सस्मन यांच्या गटाला असंही दिसलं की विस्कटून पुन्हा जुळलेल्या पेशी काही एन्झाइमचा नवा हप्ता बनवतात. एन्झाइम आधीच पुरेसं आहे म्हणून जनुक गप्प बसतं असं नाही, ते टप्प्याचा हुकूम ऐकतं.

११. देठ होणाऱ्या आणि बीजाणू होणाऱ्या पेशींत एन्झाइम वेगळे असतात का?

हो. इथे 'केव्हा'बरोबर 'कुठे' हाही प्रश्न येतो. स्लगचा पुढचा पाचवा भाग देठाकडे, मागचा बीजाणूंकडे. देठाकडच्या काही पेशींना डिफ-१ हा छोटा, क्लोरीन असलेला रेणू घडवतो. गंमत म्हणजे तो बनवणारा पॉलिकेटाइड सिंथेज, एसटीएलबी, मुख्यतः बीजाणूंकडच्या पेशींत असतो, आणि डिफ-१ मोडणारा डीक्लोरिनेज देठाकडच्या पेशींत. एका गटाने पाठवायचं, दुसऱ्याने वापरून संपवायचं. दोन गटांचं प्रमाण टिकतं त्यात या देवाणघेवाणीचा वाटा आहे.

१२. शेवटच्या तासांत बीजाणू सगळे एकदम कसे तयार होतात?

पेशीच्या आत सायक्लिक एएमपी वाढतं, पीकेए जागं होतं आणि बीजाणूंच्या भिंतीचं सामान काही मिनिटांत बाहेर पडतं. एरवी आतलं सायक्लिक एएमपी रेगए हे फॉस्फोडायएस्टरेज तोडत असतं, योग्य क्षणी त्याला रोखलं जातं. रेगए आणि पीडीएसए यांची सरमिसळ करू नका. पीडीएसए बाहेरचं, रेगए आतलं.

१३. जनुक काढून टाकलं तरी म्युटंट व्यवस्थित वाढला. मग ते एन्झाइम कशाला वेळेवर बनतं?

असं होतं आणि तुमचा प्रयोग त्यामुळे चुकीचा ठरत नाही. अल्फा-मॅनोसिडेज नसलेल्या पेशीही लॅबच्या प्लेटवर देठ आणि बीजाणू बनवतात. उलट सेल्युलोज सिंथेजचं डीसीएसए जनुक काढलं की देठही धड होत नाही आणि बीजाणूही तग धरत नाहीत. घड्याळाचा प्रत्येक काटा घड्याळ चालवत नसतो. शिवाय प्लेटवर ऊन नाही, कोरड नाही, भुकेले किडे नाहीत. जंगलातल्या मातीत त्याच म्युटंटचं काय होईल हे प्लेट सांगत नाही.

१४. ठाण्यात आमचं कल्चर सारखं मरतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा तापमान. या अमीबांना २१ ते २३ अंश मानवतं, २७च्या पुढे ते तग धरत नाहीत. एप्रिल-मेमध्ये घोडबंदर रोडवरच्या पश्चिमेच्या खोलीत टेबलावर प्लेट ठेवली तर दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. साधं इन्क्युबेटर फक्त तापवतं, थंड करणारं लागतं. एका मे महिन्यात आमच्याकडे शनिवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि सोमवारी चार महिन्यांची कल्चर पाण्यात गेली होती. प्रोजेक्टची मुलगी रडली नाही, गप्प बसून प्लेट धुवत राहिली. तेव्हापासून बीजाणूंचा साठा दोन वेगवेगळ्या इमारतींतल्या फ्रीजमध्ये ठेवतो. तासागणिक एन्झाइम मोजताना तर एक-दोन अंशांनीही वेळा पुढे-मागे होतात, म्हणून दर नमुन्याबरोबर तापमान लिहा.

१५. लॅबच नाही. घरबसल्या काही बघता येईल का?

येईल. डिक्टीबेस या संकेतस्थळावर सगळ्या जनुकांची माहिती मोफत आहे. डिक्टीएक्सप्रेसवर जनुकाचं नाव टाकलं की शून्य ते चोवीस तासांचा आरएनएचा आलेख दिसतो. जीएलपीव्ही आणि जीएलपीडी एकत्र टाकून बघा, प्रश्न ८ डोळ्यांसमोर येईल.

१६. येऊरच्या मातीतून आम्ही स्लाइम मोल्ड काढला. त्यालाही हे सगळं लागू पडतं का?

आधी परवानगी: येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, वनखात्याच्या लेखी संमतीशिवाय तिथली माती उचलू नका. सोसायटीच्या बागेतला झाडाखालचा पालापाचोळाही चालतो.

आता जात ओळखा. तुम्हाला मिळालेला डिस्कॉयडियमच असेल असं धरून चालू नका. विद्यानंद नंजुंडय्या आणि सहकाऱ्यांना मुदुमलाईच्या जंगलात, हत्तीच्या लिदीतसुद्धा, डिक्टिओस्टेलियम जायगँटियम आणि परप्युरियमसारख्या जाती मिळाल्या आहेत. बीजाणूंचा थेंब जांभळट असेल तर परप्युरियमची शक्यता मोठी. डिस्कॉयडियम आणि परप्युरियम यांच्या वाटा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी २०१० मध्ये दोघांचे आरएनए तासागणिक ताडून पाहिले तेव्हा बहुतांश जनुकांचं वेळापत्रक जुळलं. त्यामुळे तिथे ही उत्तरं बरीचशी चालतील.

देठाला ठरावीक अंतरावर चक्रासारख्या फांद्या दिसल्या तर तो पॉलिस्फाँडिलियम. तिथे थांबा. तो एकत्र येण्यासाठी सायक्लिक एएमपी वापरत नाही, ग्लोरिन हा वेगळाच रेणू वापरतो. प्रश्न ६ मधला ठोक्यांचा पहिला भाग तिथे जसाच्या तसा लावता येणार नाही. ढिगारा झाल्यावर मात्र तोही सायक्लिक एएमपीकडेच वळतो. तुमच्या प्लेटवर फांद्या असतील तर फोटो पाठवा, आणि फोटोत मोजपट्टी ठेवायला विसरू नका.